पाहणीचे दिवस

वॉशिंग्टनमध्ये येऊन सकाळपासून मी नळ शोधते आहे. प्यायच्या पाण्याचा नळ. समोर ते लांबलचक मैदान, जे फेब्रुवारीत हिरवं नसतंच. दोन्ही अंगांना म्युझियमं, एका टोकाला घुमट, दुसऱ्या टोकाला तो उंच पांढरा खांब. जगभरातून माणसं हे बघायला येतात. मी मात्र बाकांच्या मागे, झाडांच्या बुंध्यांशी वाकून वाकून बघते आहे. एक नळ सापडला, त्याला पाणी नाही. पाइप फुटू नयेत म्हणून थंडीत बंद ठेवत असणार. एप्रिलमध्ये सोडतील का, हे कोणाला विचारायचं ते कळत नाही.

एप्रिलमध्ये आमच्या न्यू जर्सीतल्या, पिस्कॅटवेच्या मराठी शाळेची सहल इथे यायची आहे. शाळा म्हणजे एका हायस्कूलचे भाड्याने घेतलेले चार वर्ग. रविवारी सकाळी मुलं आत बाराखडी गिरवतात आणि आईबाप बाहेर पार्किंगमध्ये चहा पीत एकमेकांच्या ग्रीन कार्डाची चौकशी करतात. पूर्वी दरवर्षी शाळेची सहल निघायची. मग बंद पडली ती पडलीच. यंदा मी हट्टाने पुन्हा काढली, आणि खरं सांगायचं तर मुलं हे निमित्त होतं. ही सहल मी माझ्या सासऱ्यांसाठी काढली. इथे समोर विमानांचं आणि रॉकेटांचं जे म्युझियम आहे, त्यात चंद्रावरून आणलेल्या दगडाचा एक तुकडा ठेवला आहे. लांबून बघायचा नाही, कोणीही जावं आणि त्याला हात लावावा. अण्णांना त्याला हात लावायचा होता. ते आता येणार नाहीत हे गेल्या महिन्यात नक्की झालं, आणि सहल मात्र ठरली ती ठरलीच.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. तशीही माझ्या पायाला भिंगरी आहेच, असं माझा नवरा महेश म्हणतो. काल दुपारी गाडी काढली, रात्री रॉकव्हिलला मैत्रिणीकडे पडले आणि सकाळी उठून इथे आले. शाळेच्या कमिटीतल्या सगळ्यांनी सांगून बघितलं, की अगं, सगळं ऑनलाइन दिसतं. माझी इरा आता पंधरा वर्षांची आहे. ती म्हणाली, "आई, देअर्स स्ट्रीट व्ह्यू." आहे, मला माहीत आहे. मी सॉफ्टवेअरमध्येच काम करते. पण स्ट्रीट व्ह्यूमध्ये वारा कुठून येतो ते दिसत नाही, आणि नळाला पाणी आहे का तेही दिसत नाही. ही खोड मला अण्णांनी लावली.

कोपऱ्यावरच्या गाडीवर कोणीतरी कांदा परततो आहे. थंड हवेत तो वास फार लांबवर येतो. या वासासरशी मी उभ्या जागी कुठल्या कुठे जाते. फिलाडेल्फिया, बॉस्टन, न्यूयॉर्क, कोणत्याही शहराचा कोणताही कोपरा, फेब्रुवारी नाहीतर मार्च, आणि शेजारी माकडटोपी घातलेला एक उंच म्हातारा माणूस, नाक वर करून विचारतो आहे, "कांदा कोणाचा जळून राहिला?"

अण्णा मूर्तिजापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेची हिवाळी सहल कायम त्यांच्याकडे असायची. सासूबाई गेल्यावर ते दर हिवाळ्यात आमच्याकडे येऊन राहू लागले. मी पुण्याची, बडबडी. ते वऱ्हाडातले, कमी बोलणारे. महेश कामाला जुंपलेला. घरात आम्ही दोघं आणि मध्ये किचनचा ओटा. मी काय हवं विचारायचे, ते काही नको म्हणायचे. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या मात्र ते अशा घालायचे, की टॉवेल काढताना माझा हात अडखळायचा. सासऱ्यांशी काय बोलतात हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

त्याच सुमारास शाळेच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं. आपली पोरं या देशात जन्मली, त्यांना ओक ट्री रोडवरची मिठाईची दुकानं माहीत आहेत आणि मॉल माहीत आहे, बाकी शहरं कोण दाखवणार, असं काहीतरी तावातावाने बोलले. आपल्या मंडळांमध्ये जो बोलतो त्याच्याच गळ्यात ते काम पडतं. पडलं. मी घरी येऊन फिलाडेल्फियासाठी बसवाल्याला फोन लावला, तर अण्णा हातातली घडी तशीच धरून ओट्यापाशी येऊन उभे राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, पाहणी केली का. मी म्हटलं, कसली पाहणी, सगळं वेबसाइटवर आहे.  दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाराशी बूट घालून बसले होते, थर्मास मांडीवर घेऊन.

तिथून ते दिवस सुरू झाले. प्रत्येक सहलीआधी एक पाहणी. गाडीत मी आणि अण्णा, आल्याच्या चहाचा वास, मुरमुऱ्याच्या चिवड्याची पिशवी. रस्ता सरळ आला की ते चहाचा कप पुढे करायचे, वळण दिसलं की मागे घ्यायचे, आणि घोट कधी घ्यायचा हे मला कधी ठरवावं लागलं नाही. घरात न बोलणारा हा माणूस हायवे लागला की बोलायचा. कोणत्या एसटीचं चाक कोणत्या घाटात निघालं, लोणारच्या सहलीत कोण पोरगा हरवला आणि तळ्याच्या काठावर गुडघ्यापर्यंत चिखलात कसा सापडला. लोणारचं तळं आकाशातून पडलेल्या दगडाने झालं, तिथला दगड आणि चंद्रावरचा दगड म्हणजे चुलतभाऊच समज, असं ते मला सांगायचे. मी ट्रकांच्या मधून गाडी काढत हो हो म्हणायचे. मग कधीतरी मीही बोलायला लागले. ऑफिसचं, आईचं, न झालेल्या दुसऱ्या मुलाचं. ते रस्त्याकडे बघत ऐकायचे आणि सल्ला द्यायचे नाहीत. माझ्या आयुष्यातल्या काही गोष्टी फक्त न्यू जर्सी टर्नपाइकच्या रस्त्याला आणि अण्णांना माहीत आहेत.

शहरात उतरलं की मात्र ते वेगळेच व्हायचे. बस कुठे थांबू देतात, मुलं कोणत्या अंगाने उतरतील, रस्ता कुठे ओलांडायचा, पाऊस आला तर पळायचं कुठे. डबे उघडायला जागा कोणती, तिथे ऊन किती वाजता येतं. आणि मुतारी. हा शब्द ते फिलाडेल्फियाच्या फुटपाथवर खणखणीत आवाजात उच्चारायचे, आणि आजूबाजूला मराठी समजणारं कोणी नाही याची खात्री असूनही मी इकडेतिकडे बघायचे.

फिलाडेल्फियात ती तडा गेलेली जुनी घंटा आहे. तिच्या इमारतीला मोठी खिडकी आहे, रस्त्यावरूनही घंटा दिसते. मी त्यांना खिडकीशी नेलं आणि म्हटलं, अण्णा, ही बघा. त्यांनी मान फिरवली आणि फुटपाथच्या फरशीकडे बघत राहिले. आज नाही, म्हणाले. मला वाटलं, थंडी वाजत असेल. आत चला म्हटलं, आत उबदार आहे, फुकट आहे. तर नाही म्हणजे नाही. मी चिडले. चांगले दोन तास गाडी चालवून आलो, मुतारी बघितली, बाक बघितले, आणि ज्यासाठी आलो ती वस्तू बघायची नाही, हा कुठला न्याय.  परतताना त्यांनीच कप पुढे करत सांगितलं.

"आधी बघून घेतलं ना बेटा, की मास्तर दाखवायला लागते. हे बघा, ते बघा, चला पुढं. त्याचं बघून झालेलं असते. पोरांसोबत पहिल्यांदा बघितलं तर त्यालाही थांबावंसं वाटते. मग पोरं थांबतात."

मला ते तेव्हा पटलं नाही. पण पुढच्या महिन्यात मुलांची रांग त्या घंटेपाशी गेली, तेव्हा मी घंटेऐवजी अण्णांकडेच बघत होते. तोंड किंचित उघडं, हात मागे बांधलेले, मुलांइतकेच वाकून ते त्या तड्याकडे बघत होते. कोणीतरी पोरगं म्हणालं, "इट्स ब्रोकन. व्हाय डिड दे कीप इट?"  अण्णांनी विचारलं, हिचा आवाज कसा येत असेल सांगा. मग आमची सगळी पोरं त्या गंभीर दालनात तोंडाने घंटा वाजवायला लागली, फुटक्या भांड्यासारख्या, बोक्यासारख्या, देवळातल्यासारख्या. गणवेशातला पहारेकरी आधी पुढे आला आणि मग हसत जागेवर थांबला. तो कल्लोळ अजून माझ्या कानात आहे. त्या मुलांतली बरीचशी आता कॉलेजात आहेत.

न्यूयॉर्कच्या पाहणीला त्यांनी कमाल केली. बोटीच्या धक्क्यावर शेकडो माणसं पाण्यातल्या त्या हिरव्या पुतळ्याकडे तोंड करून उभी, फोन वर धरलेले, आणि हा एकटा माणूस पुतळ्याकडे पाठ करून चणे खातो आहे. एका जपानी बाईने त्यांचाच फोटो काढला. बॉस्टनला फुटपाथवरून लाल विटांची एक रेघ जाते, तिच्यामागे चालत गेलं की जुनी ठिकाणं लागतात. अण्णा त्या रेघेवर पाय ठेवत चालले, पण ठिकाण आलं की नजर खाली. कडेला काळं पडलेलं बर्फ, समुद्राकडून येणारा बोचरा वारा, आणि एका चर्चच्या पायऱ्यांवर वारा अजिबात न येणारी जागा. ती त्यांना सापडल्यावर त्यांना जो आनंद झाला, तो मला भाचरांच्या लग्नातही त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नव्हता. आम्ही त्या पायरीवर बसून गार झालेले आलूबोंडे खाल्ले. मिरची तिखट निघाली आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

आणि मग खऱ्या सहलीची सकाळ. हायस्कूलच्या पार्किंगमध्ये धूर सोडत उभी असलेली बस, झोपाळू पोरं, आयांच्या हातात ॲल्युमिनियमचे ट्रे. बससमोर नारळ फोडायचा हे अण्णांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. ड्रायव्हर आडदांड, पांढऱ्या दाढीचा माणूस. टायरजवळ काय फोडतायत म्हणून तो धावतच खाली उतरला. अण्णांनी घरून आणलेल्या केरसुणीने करवंटीचे तुकडे गोळा केले आणि खोबऱ्याचा एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला. दुसऱ्या वर्षी त्याने स्वतःच हात पुढे केला. तिसऱ्या वर्षी तो आपणहून नारळ घेऊन आला, सुपरमार्केटमधला, तुळतुळीत, शेंडी काढलेला. बिनशेंडीचा नारळ पूजेला चालत नाही, असं दोन काकू एकदम कुजबुजल्या. अण्णांनी तो कपाळाला लावला आणि फोडला.

बसमधला तो वास मला आता कुठे मिळणार आहे? तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणच्याचं सुटलेलं तेल, ओली जॅकेटं, संत्र्यांची सालं, आणि मागच्या टॉयलेटमधल्या निळ्या औषधाचा दर्प, सगळा एकत्र. संत्री सोलता सोलता अण्णा दरवर्षी म्हणायचे, की दिसायला गोरी आहेत पण चवीला पाणी. पोरं इंग्रजीत भांडायची, मराठीत गाणी म्हणायची, कोणाला तरी उलटी व्हायची आणि लिंबू नाकाशी धरलं जायचं. मुलांना गोळा करायला अण्णा कधी ओरडले नाहीत, शिट्टीही वाजवली नाही. ते टाळ्या वाजवायचे, त्यांच्या शाळेतल्या ठेक्यात. दोन सावकाश, तीन जलद. मुलांनी तोच ठेका परत वाजवायचा. कुठल्याही शहराच्या गोंगाटात आधी एक जोडी हात वाजायचे, मग पाच, मग सगळे, आणि गर्दीतून आमची पोरं वाळूतून मुंग्या निघाव्यात तशी निघून यायची.

वॉशिंग्टन त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. का ते मला इथे पाहणीला येताना गाडीत कळलं. वर्गात चंद्र शिकवताना ते मेणबत्ती आणि लिंबू घेऊन कला दाखवायचे. मग म्हणायचे, की चंद्राचा दगड अमेरिकेत ठेवलेला आहे, त्याला हात लावता येतो. दरवर्षी कोणीतरी पोरगं विचारायचंच, सर, तुम्ही लावला का. अण्णा म्हणायचे, लावीन. "एवढी वर्षं लावीन म्हणून राहिलो," ते म्हणाले आणि हसले. मी गाडी चालवता चालवता त्यांच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं, लाजल्यासारखं.

त्या दिवशीही असाच वारा होता. आम्ही या म्युझियमच्या दारापर्यंत आलो. त्यांनी माकडटोपी काढली, केस सारखे केले, आणि मला वाटलं, आज मोडतात नियम. त्यांनी मला पहारेकऱ्याला एवढंच विचारायला लावलं, की शाळेचा घोळका आला तर एका वेळी किती मुलं आत सोडता. उत्तर ऐकून टोपी पुन्हा घातली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. मी त्यांच्यासमोर उभी राहून भांडले. अक्षरशः भांडले, सुनेने सासऱ्याशी भांडू नये तशी. म्हटलं, दोन पावलांवर आहे, अण्णा. आयुष्यभर वाट बघितलीत. मी कोणाला सांगणार नाही. सहलीत पुन्हा पहिल्यांदाच बघितल्यासारखं करा. ते शांतपणे म्हणाले, पोरांना कळते बेटा. एप्रिल काही लांब नाही.

मार्चमध्ये सगळं जगच बंद झालं. शाळा बंद, बस बंद, म्युझियमं बंद. सहल कॅन्सल केली तेव्हा मी रडले, आणि अण्णा म्हणाले, पुढच्या वर्षी. त्यांचं परतीचं विमान रद्द झालं, मुक्काम लांबला. घरात कोंडलेल्या त्या दिवसांत ते खिडकीशी बसायचे. इराला लिंबू आणि टॉर्च घेऊन चंद्र शिकवायचे. चौथीतली इरा म्हणायची, "आजोबा, आय नो धिस," आणि तरी बसून राहायची. त्याच दिवसांत ते खुर्च्यांना अडखळायला लागले. एकदा कपाच्या बाहेर चहा ओतला आणि ओतला गेलाय हे त्यांना कळलं नाही. मी पटकन पुसून घेतला. डॉक्टरांची अपॉइंटमेंट तेव्हा मिळतच नव्हती.

ते परत गेल्यावर अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. आधी कडेचं जातं, मग समोरचंही. अण्णा माझ्या नणंदेकडे अकोल्याला राहायला गेले. दर फोनला मी विचारायचे, किती दिसतं, आणि ते विषय बदलून विचारायचे, सहल कुठे नेली. सहल कुठेच जात नव्हती. कोणाला वेळ नव्हता, बसचं भाडं वाढलं होतं, मुलांचे वीकेंड सॉकरमध्ये आणि कोचिंगमध्ये गेले होते. गेल्या दिवाळीत नणंद म्हणाली, आता त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. त्या रविवारी मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि म्हटलं, यंदा वॉशिंग्टन.

अण्णा आधी नाहीच म्हणाले. आंधळ्या माणसाला सहलीला नेऊन तुमच्या गळ्यात धोंड कशाला. मी म्हटलं, दगडाला हात लावायला डोळे कुठे लागतात?  तर त्यांनी विचारलं, पोरं किती आहेत. मला कळलं, ते येणार. व्हिसाचं झालं, तिकीट झालं, नणंदेने त्यांना नवा स्वेटर आणला. आणि जानेवारीत ते अंगणातल्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, विमानप्रवास या वर्षी विसरा.

म्हणून मी अशी भणंगासारखी फिरते आहे. राग कोणावर काढावा कळत नाही. नियमावर काढावा, तर तो नियम नसता तर ती रांगेत वाकलेली, तोंड उघडं टाकून बघणारी अण्णांची आकृती मला दिसली नसती. त्यांच्यावर काढावा, तर ते अंथरुणावर पडून आहेत. या म्युझियमला मी बाहेरून चकरा मारल्या आहेत आणि दर वेळी दाराशी येऊन पुढे गेले आहे. हल्ली आत जायला फोनवरून वेळ घ्यावी लागते, फुकट असली तरी. ती मी सकाळीच घेऊन ठेवली आहे. का घेतली, मला माहीत नाही.

पाहणी झाली की फोन करून सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. अकोल्यात आता रात्र झाली आहे. नणंदेने फोन उचलला आणि अण्णांच्या कानाशी धरला. मागे सीरियलचा आवाज येत होता. ते म्हणाले, बोल बेटा, बस कुठे थांबते. मी सगळं सांगितलं. बस, रस्ता, मुतारी, डबे खायची जागा, नळाला पाणी नसल्याचं. ऊन कोणत्या बाजूला आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग पोरांना त्याच अंगाला बसव, म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण प्रश्न तेच होते. आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी म्हटलं, अण्णा, मी विमानांच्या म्युझियमच्या दारात उभी आहे. आत जाऊ का?

त्यांनी नणंदेला टीव्ही बारीक करायला सांगितलं.

"मी येत नाही आता, बेटा. डॉक्टर या वर्षीचं म्हणते. पुढच्या वर्षीचं मी बोलत नाही."

मी काहीतरी म्हणायला गेले, त्यांनी म्हणू दिलं नाही.

"ऐक. ती पोरं अजून भेटायला येतात. टक्कल पडलं त्यांना, तरी विचारतात, सर, लावला का हात. आपल्या घरातल्या कोणी लावला, एवढं तरी म्हणू दे मला. जा तू."

मी म्हटलं, आणि तुमचा नियम? मग मुलांबरोबर मी पहिल्यांदा कशी बघणार?

"नियम माझा होता," ते म्हणाले. "मीच सोडला."

मी आत गेले. पर्स यंत्रातून गेली, किल्ल्या ट्रेमध्ये टाकल्या, फोन हातात चालूच. छताला टांगलेली विमानं मी बघितली नाहीत. कुठल्यातरी शाळेची एकसारख्या टी-शर्टातली मुलं सगळीकडे सांडली होती, त्यांचा आवाज घुमत होता, आणि तो अण्णांनाही ऐकू जात असणार. दगडापाशी त्यांचीच रांग होती. मी रांगेत उभी राहिले. दगड एवढासा. काळा, तिकोनी, बिस्किटाच्या तुकड्याएवढा. एवढ्याशा दगडासाठी हा माणूस आयुष्यभर थांबला, या विचाराने मला रडू आलं, आणि पुढची मुलगी हात लावून गेल्यावर मी तशीच रडत हात पुढे केला.

"लावला?"

"लावला, अण्णा."

"कसा आहे? खरबरीत असन."

लोणारच्या दगडाचा तुकडा ते वर्गात फिरवायचे. चुलतभाऊ खरबरीत, म्हणून हाही तसाच, असा त्यांचा इतक्या वर्षांचा हिशेब. हो म्हणावं, असं वाटून गेलं.

"नाही," मी म्हटलं. "गुळगुळीत आहे. अगदी उंबरठ्यासारखा. लोकांनी हात लावून लावून झिजलाय."

 मला वाटलं, मी चूक केली. शेवटी त्यांचा दगडही मी हिरावून घेतला. फोन कानाला घट्ट दाबून मी उभी राहिले.

"म्हणजे पोरं येऊन गेली," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "लय पोरं येऊन गेली, बाप्पा."

मग त्यांनी विचारलं, मागे कोणी उभं आहे का. मी वळून बघितलं. एक लहान मुलगी होती, एक हातमोजा काढून तयार, माझ्याकडे आणि माझ्या फोनकडे आळीपाळीने बघत. आहे, मी म्हटलं, एक मुलगी आहे.

"मग सरक बेटा. तिला लावू दे."

मी हात काढला.